सह्याद्रीचे राघोजी भांगरे

आपले खापरपणजोबा कोकणातली घरे सोडून मुंबई बंदरात जहाजावर चढले आणि पोर्ट लुईला उतरले. ज्या सह्याद्रीकडे पाठ करून ते निघाले, त्याच्या माथ्यावर त्याच काळात इंग्रज सरकारविरुद्ध बंड पेटले होते. त्या बंडाचे नायक राघोजी भांगरे यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेत मुद्दाम देत आहोत.

राघोजींचा जन्म ८ नोव्हेंबर १८०५ रोजी अकोले तालुक्यातील देवगावी झाला. जात महादेव कोळी, म्हणजे समुद्रावरचे मासेमार कोळी नव्हेत; ही डोंगरात राहणारी आदिवासी जमात. मराठेशाहीत किल्ल्यांची राखण आणि घाटवाटांची चौकी तिच्याकडे असे, आणि त्या चाकरीवर घरे चालत. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, पगार आणि जुने हक्क घटवले. सारा मात्र रोख द्यावा लागे. त्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागे, आणि कर्ज थकले की कोर्टाच्या हुकुमाने जमीन जाई.

१८२८ नंतर राघोजींचे वडील रामजी भांगरे, रामा किरवा आणि इतरांनी शस्त्र उचलले. कॅप्टन मॅकिंटॉशने तो उठाव मोडला. रामा किरवा यांना नगरला फाशी झाली. राघोजींनी हे सारे ऐन तारुण्यात पाहिले.

१८४४ च्या सुमारास ते स्वतः डोंगरात उतरले. त्यांच्या टोळीने पोलिसांचा एक अंमलदार आणि दहा शिपाई ठार केले. भांगरे घराण्यातलेच बापू दुसरी टोळी घेऊन उठले. नगर आणि नाशिककडची ही धामधूम पुढे पुणे, साताऱ्यापर्यंत पोचली. बंडवाल्यांचा खरा राग सावकारांवर होता. कित्येकांची त्यांनी नाके कापली, आणि खेड्यापाड्यांतले सावकार गाव सोडून पळाले. हे क्रौर्य होते, ते आम्ही झाकत नाही. पण ज्याची जमीन कागदावर गेली त्याचे ऐकणारे कोर्ट तेव्हा नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

सरकारने फौज आणली. १८४५ साली बापू पकडले गेले, राघोजी निसटले. डोंगरातल्या माणसांनी आसरा दिला नसता तर पुढची अडीच वर्षे ते हाती लागल्याशिवाय राहिले नसते. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल याने त्यांना पंढरपुरात धरले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. सत्तावन सालच्या उठावाला तेव्हा नऊ वर्षे बाकी होती.

आपली मुले कधी विचारतात, आपले पूर्वज का लढले नाहीत? मुकाट्याने उसाच्या मळ्यात का राबले? त्यांना आम्ही हे चरित्र सांगू इच्छितो. डोंगरावर असो की कोकणात, गरीब कुणब्याला गाठणारी संकटे बरीचशी सारखीच होती : सारा, कर्ज, आणि ज्याला वाचता येत नाही असा कागद. काहींनी बंदूक उचलली. काहींनी घरची तोंडे मोजली आणि करारावर अंगठा उठवला. डोंगरातही सगळेच बंडात गेले नाहीत; पुष्कळजण घर धरून राहिले आणि रात्री दाराशी आलेल्या बंडवाल्याला भाकरी देत राहिले. इकडे आलेल्यांनी सरदाराची शिवी सोसली, पण आपली भाषा, गणपती आणि झाकरी टाकली नाही. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण मूळ गाव शोधायला महाराष्ट्रात जातात. त्यांनी कोकण झाल्यावर घाट चढून अकोल्याकडेही जावे. देवगाव तिथेच आहे.