एक्स-रे रूममधला छोटा बिल्ला आणि होमी भाभांचा कायदा

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, मेहकर. कुठेही एक्स-रे काढायला गेलात तर तंत्रज्ञाच्या छातीकडे एकदा बघा. तिथे एक छोटा बिल्ला असायला हवा. तो किरणं अडवत नाही. त्या माणसाच्या अंगावर किती किरणं पडली, याची फक्त नोंद ठेवतो. पेशंट वर्षातून एखादा एक्स-रे काढतो, तंत्रज्ञ रोज त्याच खोलीत असतो. या किरणांना वास नाही, रंग नाही, चटकाही लगेच जाणवत नाही. म्हणून हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब देशाच्या कायद्यात आला, त्यामागे होमी भाभांचं नाव आहे.

किरणांचा अभ्यासक

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. मुलाने केंब्रिजला इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात यावं, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांनी इंजिनिअरिंग पूर्ण केलं, पण ओढ भौतिकशास्त्राची होती. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवरच्या संशोधनाने त्यांचं नाव झालं.

1939 मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग. 4 ऑगस्ट 1956 रोजी ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी सुरू झाली.

कायदा आला

आता युरेनियम, थोरियम आणि किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणारे कामगार देशात तयार होत होते. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने त्यांच्या सुरक्षेचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. यात फक्त अणुभट्ट्या नव्हत्या, किरणं निर्माण करणारी यंत्रंही होती. त्यामुळे तालुक्याच्या गावातलं एक्स-रे मशीनही या कक्षेत आलं.

पण एक गोष्ट राहून गेली. भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, अणुऊर्जा खात्याचे सचिव होते आणि ट्रॉम्बेच्या केंद्राचे संचालकही होते. म्हणजे काम करणारा आणि काम तपासणारा एकाच छताखाली.

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाकडे निघालेल्या भाभांचं विमान मॉं ब्लां पर्वतावर कोसळलं. ते 56 वर्षांचे होते.

त्यांच्यानंतर

किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम 1971 मध्ये आले. तपासणीसाठी वेगळं अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये मुंबईत स्थापन झालं, तेही अणुऊर्जा आयोगाच्याच अखत्यारीत. 2004 मध्ये नवे नियम आले.

आज कामगारासाठी मर्यादा अशी: पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. 18 वर्षांखालच्या कुणालाही या कामावर ठेवता येत नाही.

नियम कागदावर चांगले होते. पण 2012 मध्ये कॅगने तपासलं, तेव्हा देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त 5,270 नोंदणीकृत निघाली. म्हणजे दहापैकी नऊ केंद्रांवर कुणाची नजरच नव्हती. त्याच अहवालाने मंडळाला पुरेशी स्वायत्तता नसल्यावरही बोट ठेवलं. भाभांच्या काळातली जुनी अडचण पन्नास वर्षांनीही पुरती सुटली नव्हती.

तुमच्या घरात कुणी हे काम करतं?

मग एवढं लक्षात ठेवा. बिल्ला देणं, तो ठराविक काळाने प्रयोगशाळेत तपासून घेणं आणि कामगाराची आरोग्य तपासणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. 2004 च्या नियमांनुसार कामगार आपल्या अंगावरच्या किरणांची नोंद मागू शकतो, आणि मागितल्यावर ती त्याला द्यावी लागते. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला बिल्ला मात्र कुणाचाच हिशेब ठेवत नाही.