चार रुपये पगाराचा गोलंदाज

लहानपणी मोताळ्यात आम्ही पऱ्हाटी उपटलेल्या वावरात क्रिकेट खेळायचो. बॅट ज्याची, फलंदाजी त्याची. बाकीच्यांनी ऊन उतरेपर्यंत चेंडू टाकायचे. पुढे वाचनात आलं, की इंग्लंडातही जुन्या काळी बॅट बहुधा जमीनदाराच्या हाती असे आणि घाम गाळायला पदरची माणसं. पैसे घेऊन खेळणारे आणि हौशी हा भेद तिथं १९६२ पर्यंत टिकला. आपल्याकडे त्यात जातीची भर पडली.

पाळवणकर बाळू चर्मकार समाजातले. जन्म १८७६, धारवाडचा, वडील फौजेत. पुण्यात साहेबांच्या क्लबात बाळू रोलर ओढत, जाळी बांधत आणि सरावाला गोलंदाजी करत. पगार महिना चार रुपये! कॅप्टन ग्रेग रोज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर हात साफ करून घेत. बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही.

गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू क्लबालाही उमगलं. बराच खल होऊन त्यांना घेतलं. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चाले. चहाच्या वेळी मात्र ते बाहेर, मातीच्या भांड्यात घेत. जेवणाचं पान वेगळं. विकेट घेतल्याबरोबर पाठ थोपटणारे हात तेव्हा कुठं जात असतील?

पुढे ते मुंबईला आले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी ११४ बळी घेतले! तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांच्याकडे आलं नाही. १९२० साली याच डावलण्यावरून त्यांच्या भावांनी संघ सोडला. अखेर १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला आणि युरोपियनांना हरवूनच परतला.

बाळू १९५५ साली गेले. आपल्या माणसांत त्यांची कीर्ती एवढी, की तरुण आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान होता. पण पुणे कराराच्या वेळी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत ते समोरासमोर उभे ठाकले. बाळू थोडक्या मतांनी हरले. त्या लढतीत मी असतो तर मत कुणाला दिलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.