चार्ल्स फे

चार्ल्स ऑगस्ट फे (जन्म : १८६२, फ्योरिंगेन, बव्हेरिया, मृत्यू : १९४४, सॅन फ्रान्सिस्को) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन यंत्रकार होते. जिंकणाऱ्याला नाणी आपोआप देणारे तीन चाकांचे जुगारयंत्र त्यांनी तयार केले. आजच्या कॅसिनोंतील स्लॉट मशीन हे याच यंत्राचे वंशज मानले जाते.

जीवन

फे यांचे मूळ नाव ऑगस्ट. किशोरवयातच घर सोडून ते फ्रान्समार्गे लंडनला गेले आणि नौकानयनाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात काही वर्षे राहिले. बारीक दाते, खाचा आणि स्प्रिंगा यांचे काम पुढे आयुष्यभर त्यांच्या हाती राहिले. १८८५ च्या सुमारास ते सॅन फ्रान्सिस्कोत आले. तेथे त्यांना क्षयरोगाने गाठले. त्यातून ते बरे झाले. १८९४ पासून ते जुगारयंत्रे बनवू लागले. त्यांची कार्यशाळा मार्केट स्ट्रीटवर होती.

लिबर्टी बेल

त्यापूर्वी ब्रुकलिनमधील सिटमन आणि पिट यांचे १८९१ मधील पोकरचे यंत्र मद्यालयांत लोकप्रिय होते. त्यात पाच फिरत्या दंडगोलांवर पत्ते लावलेले असत. मात्र डाव जिंकल्यास बक्षीस मद्यालयाचा मालकच देई. पाच पत्त्यांतून होणाऱ्या डावांची संख्या एवढी मोठी होती, की त्यांचा निवाडा यंत्राकडून करवून घेणे त्या काळी जवळपास अशक्य होते.

फे यांनी पाचांऐवजी तीन चाके घेतली आणि पत्त्यांऐवजी मोजकी चिन्हे : घोड्याची नाल, इस्पिक, चौकट, बदाम आणि फिलाडेल्फियातील प्रसिद्ध घंटा. पाच सेंटचे नाणे टाकून दांडा ओढला की चाके फिरत व एकामागून एक थांबत. तीन घंटा एका रांगेत आल्या की सर्वांत मोठे बक्षीस मिळे. प्रत्येक चाकाला दहा थांबे असल्याने एकूण शक्यता १,००० होत्या. धीराने बसून मोजदाद करणाऱ्या खेळाडूला आपण किती हरणार हे निदान कळू शकत असे. १८९८ च्या सुमाराचे हे यंत्र ‘लिबर्टी बेल’ या नावाने ओळखले गेले.

फे यंत्रे विकत नसत. ती मद्यालयांत ठेवून ते उत्पन्नाचा निम्मा वाटा घेत.

नक्कल, भूकंप आणि बंदी

जुगाराच्या साधनाला पेटंट मिळत नसल्यामुळे फे यांच्या हाती कायदेशीर संरक्षण नव्हते. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत त्यांची कार्यशाळा नष्ट झाली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने त्याच नावाचे, तशाच रचनेचे यंत्र बाजारात आणले. १९०९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आणि १९११ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अशा यंत्रांवर बंदी घातली. बंदी चुकवण्यासाठी इतर उत्पादकांनी यंत्रातून च्युइंगगम द्यायला सुरुवात केली. आजही दिसणारी चेरी, लिंबू ही फळचिन्हे त्या युक्तीची आठवण आहेत. शेजारच्या नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, तो फे यांच्या हयातीतच.

नंतरचे तंत्रज्ञान

१९६० च्या दशकात बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ने यंत्रात विद्युत मोटर आणली. १९७० च्या दशकात पडद्यावर चालणारे व्हिडिओ यंत्र आले. तरी मूलभूत बदल घडला तो इंगे टेल्नेस यांना १९८४ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटमुळे. या पद्धतीत चाक कोठे थांबणार हे संगणकीय आकडा ठरवतो. चाकावर २२ थांबे दिसत असले, तरी आत ६४ आकडे असू शकतात. मोठ्या बक्षिसाच्या थांब्याला त्यांतला एकच आकडा आणि लगतच्या रिकाम्या थांब्यांना कित्येक आकडे देता येतात. त्यामुळे बक्षीस थोडक्यात हुकल्याचे दृश्य वारंवार दिसते. दिसणाऱ्या चाकांवरून शक्यता १०,६४८ वाटतात, प्रत्यक्षात मात्र त्या २,६२,१४४ असतात. फे यांच्या यंत्रात चाके निकाल ठरवत. येथे ती निकाल फक्त दाखवतात.

भारतात गोव्याने १९९२ मधील कायदेदुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी दिली.

स्मारक

मार्केट स्ट्रीटवरील ४०६ क्रमांकाच्या जागेला कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ९३७ वा क्रमांक मिळाला आहे.