अडलेल्या पानावरून पुढे: बाबासाहेबांच्या लेखणीची शिस्त

आपल्या चळवळीत बोलणारे तरुण भरपूर आहेत, लिहिणारे मात्र कमी पडतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते: सुचत नाही, वेळ मिळत नाही, मूड लागत नाही. हाती घेतलेला लेख दोन परिच्छेदांवर अडतो आणि पुढच्या जयंतीपर्यंत तसाच पडून राहतो. ज्यांची जयंती आपण साजरी करतो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखनही अनेकदा अडले होते. ते पुन्हा कसे सुरू होत गेले, हे आपण त्यांच्या चरित्रात नीट पाहायला हवे.

ही सवय घरातून आली. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. दिवसा तिथे अभ्यासाला जागा नव्हती की शांतता. म्हणून भीमराव रात्री लवकर झोपत आणि रामजी सुभेदार त्यांना पहाटे दोनला उठवत. मन लागो वा न लागो, ठरलेल्या वेळी दिव्यापाशी बसायचे, हा पहिला धडा त्यांना वडिलांनी दिला.

1920 मध्ये ते दुसऱ्यांदा लंडनला गेले तेव्हा हीच शिस्त कामी आली. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे, ते बंद होईपर्यंत टिपणे काढायची, रात्री भूक लागली की पापडांवर भागवायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. अशा दिवसांतून रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध तयार झाला. 1922 मध्ये तो विद्यापीठाला सादर झाला. पण ब्रिटिश राजवटीच्या चलनधोरणावरची त्यातली टीका परीक्षकांना रुचली नाही आणि 1923 मध्ये प्रबंध पुन्हा लिहिण्यास सांगण्यात आले. जवळचे पैसे संपले होते. बाबासाहेबांना मुंबईला परतावे लागले. वर्षानुवर्षांची मेहनत परत आल्यावर कुणाचीही लेखणी गळून पडेल. त्यांनी मात्र मुंबईत बसून प्रबंध नव्याने लिहिला, निष्कर्ष तेच ठेवले आणि तो लंडनला पाठवला. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली.

यानंतरची परीक्षा वृत्तपत्राची होती. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. पगारी संपादक ठेवण्याइतका पैसा नव्हता. दर अंकाचे चोवीस रकाने बहुतांशी बाबासाहेबांनाच भरावे लागत. वकिली, सभा आणि सत्याग्रहाची कामे सांभाळून ते लिहीत होते. छापखान्याची तारीख कुणाच्या स्फूर्तीसाठी थांबत नाही. पैशाअभावी अंक खंडित झाले, 1929 मध्ये पत्र बंदही पडले. पण 1930 मध्ये ‘जनता’ निघाले. एक पत्र बंद पडले म्हणून लेखन बंद पडले नाही.

सर्वांत कठीण अडथळा शेवटी आला, तो शरीराचा. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते जर्जर झाले होते, दृष्टी मंदावली होती. तशात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम काही वर्षे चालू राहिले. प्रकृती साथ देईल तेवढे लिहायचे, नाही तर थांबायचे, आणि बरे वाटताच राहिलेल्या ओळीवरून पुढे जायचे. नानकचंद रत्तू आपली सरकारी नोकरी आटोपून संध्याकाळी येत आणि मजकूर टंकलिखित करीत. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीही बाबासाहेबांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचा मजकूर नजरेखालून घालण्यासाठी मागवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही सगळे पूर्ण झाले नव्हते. मागे हस्तलिखितांच्या पेट्या राहिल्या. त्यात प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरची प्रकरणे होती, अनेक मजकूर अर्धवट होते. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून खंड काढायला सुरुवात केली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली ही पाने समाजापुढे आली. आज आपण त्यांवर चर्चा करतो, ती अर्धवट पानेही आपला ठेवा आहेत. ती कागदावर उतरली होती म्हणूनच उरली. सगळे मनासारखे जुळेपर्यंत बाबासाहेब थांबले असते, तर आपल्या हाती काहीच आले नसते.

अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे. आपण तो शिकतो, पाठ करतो, पण लिहिण्याच्या बाबतीत विसरतो. बाबासाहेबांची विद्वत्ता आपल्याला लाभेलच असे नाही. त्यांची बैठक मात्र लावून घेता येते. रोज एक ठरलेली वेळ आणि एक पान, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. वस्तीतल्या विहाराचा इतिहास, आजीने सांगितलेली धम्मदीक्षेची आठवण, गावातल्या अन्यायाची तारीखवार नोंद, विषय आपल्या दारातच आहेत. वाईट उतरले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. कोऱ्या पानात दुरुस्त करण्यासारखे काही नसते.

आपल्या आजी-आजोबांची पिढी एकेक करून निघून चालली आहे. त्यांच्याजवळचे आजच उतरवून घेतले नाही, तर उद्या आपला इतिहास दुसरेच कुणी, त्यांच्या सोयीने लिहितील. म्हणून आज रात्री वही उघडू या. जयभीम!