वुताई पर्वतातील सोलापूरचे डॉक्टर

सोलापूर : सात रस्ता चौकातून निघणाऱ्या वाटा शहराच्या चहूबाजूंना जातात. याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची वाट मात्र उत्तर चीनमधील वुताई पर्वतापर्यंत गेली आणि ती मागे फिरलीच नाही.

शान्सी प्रांतातील वुताई हा पाच सपाट माथ्यांचा पर्वत. बौद्धांना तो मंजुश्रीचे निवासस्थान म्हणून पूज्य आहे. त्याचे उत्तरेकडील शिखर ३,०६१ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. माथ्यावर वृक्ष नाहीत. उन्हाळ्यात कुरणे आणि हिवाळ्यात बर्फ. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यावर याच दुर्गम मुलखाच्या आश्रयाने चिनी कम्युनिस्ट सेनेने प्रतिकाराचा तळ उभारला.

सेनापती झू दे यांच्या विनंतीवरून काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून रवाना केले. त्यात कोटणीस होते. चीनमध्ये पोहोचल्यावर काही काळातच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तेव्हा ते घरी परतले असते, तर कोणीही दोष दिला नसता. त्यांनी पुढे जाणे पत्करले.

वुताई परिसरात जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने निधन झाले. त्यांचे कार्य पुढे कोटणीसांच्या हाती आले. औषधांचा तुटवडा आणि शत्रूचे छापे यांमुळे रुग्णालय बिऱ्हाडासारखे गावोगाव हलवावे लागे. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. त्यातील एक अक्षर भारताचे, दुसरे चीनचे.

अतिश्रमाने शरीर खचत होते. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पथकातील अन्य चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस चीनच्याच मातीत विसावले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ही कथा रुपेरी पडद्यावर आणली. २०१२ मध्ये सोलापुरातील कोटणीसांच्या राहत्या घराचे स्मारक झाले.