हजेरीपटातून कादंबरीत : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचे चरित्र बहुधा दारिद्र्य आणि प्रतिभा यांची कथा म्हणून सांगितले जाते. दीड दिवसाची शाळा, वाटेगावाहून मुंबईपर्यंतची पायपीट, गिरणीतील काम, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी आणि तिच्यात लिहिलेल्या पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या. हे सारे खरेच आहे. तथापि इतिहास शिकविणारे म्हणून आम्हांस या चरित्रात आणखी एक पात्र सतत वावरताना दिसते, आणि ते पात्र म्हणजे कायदा. अण्णा भाऊंच्या आयुष्याच्या प्रत्येक वळणावर तो उभा आहे. त्याच्याकडे पाहिल्याविना त्यांचे साहित्य पुरते कळत नाही, असे आमचे मत आहे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे, मांगवाड्यात झाला. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज तो सांगलीत आहे. त्यांच्या जन्माच्या अर्धशतकापूर्वी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. या कायद्याने गुन्ह्याची व्याख्याच उलटी केली. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले जाऊ लागले. एकदा जमातीचे नाव सरकारी यादीत चढले, की तिच्या माणसांनी नोंद करावयाची, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही. मनुस्मृतीने जे धर्माच्या नावाने केले, तेच येथे गॅझेटमधील अधिसूचनेने झाले. ज्या मांगाने पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण केली, त्याच्याच दाराशी संशयाचा पहारा बसला.

अशा मुलखातून साठे कुटुंब पायी मुंबईस आले. पुढचा भाग वाचकांस परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पडेल ते काम, गिरणी, माटुंग्याचा लेबर कॅम्प, कम्युनिस्ट चळवळीशी संबंध, स्टालिनग्राडचा पोवाडा, आणि १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत उभारलेले लाल बावटा कलापथक. अक्षरओळखही त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरील पाट्या वाचत वाढविली.

येथे कायद्याची दुसरी भेट होते. नाटकावर अंकुश ठेवणारा कायदा इंग्रजांनी १८७६ सालीच केला होता. रंगमंचावरून राज्यकर्त्यांची टीका होऊ लागली, हे त्यास निमित्त. इंग्रज गेले तरी ती वृत्ती गेली नाही. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. अण्णा भाऊंनी काय केले? तमाशातील गण-गौळणीचे वळण बदलून त्यांनी कामगाराचा, शेतकऱ्याचा प्रश्न वगाच्या मध्यभागी आणला आणि लोकनाट्य हे रूप घडविले. या रूपाचे श्रेय केवळ बंदीला देणे अन्यायाचे होईल, कारण ती कला त्यांच्या रक्तात होती. परंतु बंदीने त्यास धार आणली, हे मान्य करावे लागते. याच आवाजाने पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा गाजविला. १ मे १९६० रोजी राज्य झाले, ते संसदेने केलेल्या कायद्याने; पण तो कायदा होण्यासाठी आधी रस्ता पेटावा लागला.

आणि मग ‘फकिरा’. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा नायक अण्णा भाऊंच्या नात्यागोत्यातलाच होता. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडत असताना तो धान्य लुटतो आणि वाटतो. सरकारी खजिना लुटतो. मांगांवर लादलेल्या हजेरीविरुद्ध उभा राहतो. अखेर सरकार त्याच्या आप्तांना ओलीस धरते तेव्हा तो स्वतः स्वाधीन होतो. पोलिसांच्या कागदात हा मनुष्य दरोडेखोर म्हणून उरला असता. कादंबरीने त्याच नोंदी उलट बाजूने वाचल्या. कायद्याने ज्याला गुन्हेगार ठरविले त्याचे नीतिमान अंतःकरण दाखविणे, हे काम कोणत्याही वकिलाच्या कैफियतीहून अवघड होते, कारण येथे न्यायाधीश वाचक होता आणि तो बहुधा गावातल्या वरच्या आळीचा होता.

आमच्या नालासोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, हे आपण जाणताच. त्या राजाने आपले धम्मशासन वाटसरूलाही दिसावे म्हणून दगडावर कोरले. चावडीवरचा हजेरीपट मात्र ज्याची नावे त्यात होती, त्याला वाचताही येत नव्हता. अण्णा भाऊंनी तो वाचून दाखविला.

‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आम्हांस ही गोष्ट फार मोलाची वाटते. अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते, बाबासाहेबांचा त्या पक्षाशी असलेला मतभेद सर्वश्रुत आहे; तरीही संविधानाच्या शिल्पकाराला त्यांनी आपले मानले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. आज मात्र एप्रिलचा मंडप एका वस्तीचा आणि ऑगस्टचा मंडप दुसऱ्या वस्तीचा, अशी वाटणी अनेक ठिकाणी झाली आहे. ती पाहताना वाईट वाटते.

संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले; गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. आमच्यासारख्या निवासी शाळांत प्रवेश घेणाऱ्या कित्येक मुलांच्या दाखल्यावर आज जो शब्द असतो, त्याचा उगम हा आहे. परंतु ज्या १९५९ साली ‘फकिरा’ आली, त्याच साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. जातीचे नाव गेले, संशयाची सवय राहिली.

१९६१ साली ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियास जाऊन आले. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. पैसा मात्र त्यांच्या घरी टिकला नाही. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. कोणत्या कैद्याने झाडू धरावा आणि कोणी स्वयंपाक करावा, हे त्यांत जातीवरून ठरत असे. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्यांतच होत्या. ‘फकिरा’ प्रसिद्ध होऊन तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.