पोरं बालवाडीत येईनात, मग बालवाडीच अंगणात गेली : बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक

डहाणू : गावोगावच्या अंगणवाडीत अधूनमधून मातांची बैठक भरते. बाळाला काय भरवायचं, कसं खेळवायचं, का मारायचं नाही, हे ताई समजावून सांगते. रजिस्टरवर सह्या होतात, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे होतात, एक फोटो निघतो आणि मोबाईलवरून वर जातो. कार्यक्रम झाला. पण घरी गेल्यावर पोराच्या ताटात काही बदललं का, पोरावर उगारलेला हात खाली आला का, हे फोटोत कुठं दिसतं? बैठकीला किती जणी आल्या हे मोजायला सोपं आहे. घरात काय झालं हे मोजायला घरापर्यंत जावं लागतं.

ज्या बाईंनी अंगणवाडीची कल्पना काढली त्या घरापर्यंत गेल्या होत्या, आणि तेही आपल्याच डहाणू तालुक्यात, ऐंशीएक वर्षांपूर्वी. ताराबाई मोडक हे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या ओळीत न मावणारं बरंच आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. आई-वडील प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळं त्या काळात मुलगी असूनही शिकता आलं. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्न झालं आणि अमरावतीला आल्या. नवरा वकील होता. संसार काही टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या तेव्हा पदरात लहान मुलगी होती, प्रभा. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, कडेवर लेक, हे डोळ्यासमोर आणलं तरी पुरे.

राजकोटला शिक्षिका तयार करणारं बार्टन ट्रेनिंग कॉलेज होतं. तिथं त्यांना प्राचार्यपद मिळालं. मानाची जागा होती. तरी त्यांनी ती सोडली आणि १९२३ मध्ये भावनगर गाठलं, कारण तिथं गिजुभाई बधेका होते. हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला कसं शिकवायचं म्हणून शोधायला लागले आणि मॉंटेसरीच्या पद्धतीपर्यंत पोचले. वकिली सुटली. १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. मुलांवर इतकी माया की गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे.

एक बाप आणि एक आई, दोघंही आपापल्या पोराच्या काळजीतून या कामात आलेले. म्हणून असेल, पण मुलांना शिकवायचं तर आई-बापालाही शिकवावं लागतं हे दोघांना लवकर कळलं. बालमंदिरात मूल काही तास असतं, बाकीचा सगळा वेळ घरी. बालमंदिरात कोणी मारत नाही आणि घरी रट्टे बसतात, तर मूल गोंधळणारच. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका आधी गुजरातीत निघत होती, १९३३ पासून मराठीतही निघू लागली. मराठी अंकाचं काम ताराबाईंकडं होतं. मुलाला बागुलबुवाची भीती घालू नका, लालूच दाखवून काम करून घेऊ नका, त्याला स्वतःच्या हातानं जेवू द्या, सांडलं तर सांडू द्या, अशा धर्तीचं ते शिक्षण होतं. आज मोबाईलवर पालकांसाठी जे व्हिडिओ फिरतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या काळी या मंडळींनी छापून घरोघर पोचवल्या होत्या.

घरोघर म्हणजे, ज्या घरात वाचता येतं त्या घरात. अडचण इथंच होती. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत नऊ जणींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्रिका कितीही चांगली असली तरी शेतावर राबणाऱ्या आईच्या ती काय कामाची?

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू केलं. बालशिक्षिका तयार करण्याचं कामही तिथं चाललं. नोकरदार घरांतले पालक होते, पोराला सोडायला यायचे, बाईंशी बोलायचे. बोलणं घरी नेण्याइतकी फुरसत त्या घरांत होती. १९३९ मध्ये गिजुभाई वारले आणि संघाचा भार ताराबाईंवर पडला. दादरचं काम बसलेलं होतं, नाव झालेलं होतं. त्यांनी तिथंच राहायला काही हरकत नव्हती. पण बालमंदिर म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांची चैन, असं बोललं जाई, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मॉंटेसरीचं साहित्य महाग. खेड्यातल्या गरिबाच्या पोरापर्यंत हे जात नसेल तर या पद्धतीची परीक्षा अजून झालीच नाही, असा त्याचा अर्थ होता.

ती परीक्षा द्यायला त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. वय ५३. आचार्य भिसे यांचं शिक्षणाचं काम बोर्डीत आधीपासून होतं, त्याचा आधार मिळाला. सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताई पस्तिशीच्या, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या आणि पुढं शिकून शिक्षिका बनलेल्या. दोघींनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं.

वर्षही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच १९४५ मध्ये तलासरी-डहाणू पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचे कार्यकर्ते पाड्यापाड्यांत फिरत होते. म्हणजे ज्या आई-बापांनी पोरांना बालवाडीत पाठवावं अशी अपेक्षा होती, त्यांच्यातल्या कित्येकांचा स्वतःचा दिवससुद्धा स्वतःच्या मालकीचा नव्हता. सावकाराच्या वाडीवर फुकट राबणाऱ्याला बालसंगोपन शिकवायला जाणं म्हणजे काय असेल, विचार करा.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली बरी घरं पोरं पाठवू लागली. ज्यांच्यासाठी एवढ्या लांब यायचं, ती हरिजन वस्तीतली, पाड्यावरची पोरं मात्र येईनात. इथं दुसरं कोणी असतं तर अहवालात लिहून मोकळं झालं असतं की पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचं महत्त्व नाही. अजूनही हे वाक्य बऱ्याच कागदांवर सापडतं. ताराबाईंनी दोष उलटा धरला. पोरं येत नाहीत, याचा अर्थ बालवाडी चुकीच्या जागी आहे.

मग बालवाडीच वस्तीत गेली. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडायचं, तिथंच पोरं गोळा करायची. तोंडं धुवायची, आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. अंगणात भरणारी बालवाडी, इतका साधा तिचा अर्थ होता. आज अंगणवाडी म्हटलं की डोळ्यापुढं पिवळी-निळी रंगवलेली खोली येते, त्यामुळं नावातलं अंगण विसरायला झालं आहे.

याचा एक मोठा फायदा होता आणि तो पोरांपेक्षा आयांच्या बाजूचा होता. आईला काम टाकून कुठं जायचं नव्हतं. भात कांडता कांडता, चूल पेटवता पेटवता ती बघायची की आपलंच पोर, जे घरात आंघोळीला किंचाळतं, ते इथं रांगेत उभं राहून पाणी अंगावर घेतंय. खरजेनं भरलेलं अंग रोज धुतल्यावर काय फरक पडतो हे सांगावं लागत नव्हतं, आपल्याच पोराच्या कातडीवर दिसायचं. भाषण कोणी दिलं नाही, पण शिकवणी झाली. वाचता न येणाऱ्या आईसाठी पत्रिकेचा अंक आता तिच्याच दारात उघडला होता.

महागड्या साहित्याचा प्रश्नही असाच सुटला. बोर्डीचा किनारा शिंपल्यांनी भरलेला. शिंपले, गोटे, बिया, पानं, पिसं, चिकणमाती, यांतून मोजायचं, रंग ओळखायचे, लहानमोठं लावायचं. पैसा लागत नाही. आईच्या दृष्टीनंही हे महत्त्वाचं, कारण जे बालवाडीत आहे ते तिच्या घराभोवतीही पडलेलं होतं. दुकानातून आणायचं असतं तर तिनं बघून सोडून दिलं असतं.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. आता बहुतेक सगळी पोरं वारली पाड्यांतली. इथं नवीन गाठ पडली. लहानगी यायला लागली तरी मोठी भावंडं शाळेत टिकत नव्हती. का टिकत नव्हती? घरोघर फिरल्यावर दिसलं ते आपल्याकडं आजही दिसतं. आई-बाप आवणीला, गवतकापणीला, लाकडं तोडायला गेलेले. घरी तान्हं बाळ. ते सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. पोरगा असेल तर तो गुरांमागं.

म्हणजे कागदावर पालक म्हणून आईचं नाव असलं तरी दिवसभर बाळाची आई त्याची बहीणच. पालकांना शिक्षण द्यायचं म्हटलं की आपण आई-बापाला बोलावतो. पण बाळाला पेज भरवणारी, पडलं तर उचलणारी ती चिमुरडी कुठल्या बैठकीत असते? आजही नसते. वीटभट्टीवर जाऊन बघितलं तर ती तिथंही भावाला कडेवर घेऊन उभी असते.

ताराबाईंनी या पोरीला धरून सगळी मांडणी बदलली. कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीनं भावाला घेऊनच यायचं. तो पाळणाघरात, त्याच्याहून मोठा बालवाडीत, ती वर्गात. मध्ये उठून बाळाला बघून आली तरी चालेल. तिचं शिकणं सुटलं नाही, आणि बाळाला कसं धुतात, कसं भरवतात हे ती पाळणाघरात रोज बघत राहिली. दहा-बारा वर्षांनी तीच आई होणार होती. हा हिशेब लांबचा होता. असा हिशेब धरून चालायला जिगर लागते, कारण पुढच्या मार्चमध्ये त्याचा आकडा दाखवता येत नाही.

गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. गुरं जिथं चरतात तिथं शिक्षक सामान घेऊन जायचे. गुरं चरत राहायची, पोरं झाडाखाली शिकायची. बापाला गुराखी गमवावा लागला नाही, म्हणून त्याची ना नव्हती. घराचं पोट ज्या कामावर आहे ते काम मोडून शाळा चालणार नाही, एवढं व्यवहारज्ञान त्यात होतं.

आता यश कशावरून म्हणायचं? मॉंटेसरी पद्धतीचा पायाच निरीक्षणाचा. मूल काय करतंय हे आधी नीट बघायचं, मग आपण काय करायचं ते ठरवायचं. ताराबाईंनी तीच नजर आई-बापांकडं आणि स्वतःच्या कामाकडं वळवली. बोलवायला न जाता पोर आपण होऊन येतंय का, धाकटं भावंडही सोबत येतंय का, अंगणवाडीची पोरं पुढं पहिली-दुसरीत टिकताहेत का, हे बघितलं की घरात काय बदललं ते कळतं. सगळं एका झटक्यात बदललं असंही नाही. हंगाम आला की पोरं पुन्हा कमी व्हायची. गरिबी तशीच होती, आणि पोरांना आंघोळ घालून ती जाणार नव्हती. शहरातून आलेल्या शिकलेल्या बायकांनी पाड्यावर येऊन स्वच्छता शिकवावी, यात वरून बघण्याचा थोडा भाग होता असं कुणी म्हटलं तर तेही ऐकून घ्यायला हवं. पण वारल्याच्या घराला नावं ठेवून त्या परत फिरल्या नाहीत, तीन वेळा त्यांनी आपलीच पद्धत बदलली : गावातून अंगणात, अंगणातून पाळणाघरात, वर्गातून कुरणात.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. वय झालं होतं, काम हळूहळू अनुताईंकडं गेलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३३ प्रकल्पांनी झाली, आणि केंद्रांचं नाव ठरलं अंगणवाडी. योजनेत सहा सेवा आहेत. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि सहावी, पोषण व आरोग्य शिक्षण. ही सहावी सेवा १५ ते ४५ वयाच्या बायकांसाठी आहे, म्हणजे पालकांच्या शिक्षणाची. खाऊचं पाकीट मोजता येतं, लस मोजता येते, वजनकाट्यावर पोर मोजता येतं. सहाव्या सेवेच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी सह्यांचं रजिस्टर आलं. आणि आठ वर्षांची बहीण १५ ते ४५ मध्ये बसत नाही.

अनुताई मात्र कोसबाडला राहिल्या. त्यांनी कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात आपली हकिकत लिहून ठेवली आहे. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्याही गेल्या. नूतन बाल शिक्षण संघाचं आवार अजून टेकडीवर आहे.